शकटाखालचे मूल

बाळाच्या कौतुकाचे वाङ्मय आपल्या भाषेत उदंड आहे. रामनवमीच्या माध्यान्ही आणि गोकुळाष्टमीच्या मध्यरात्री देवळात पाळणा हालतो, घरी तो बाराव्या दिवशी हालतो, आणि दोन्हीकडे गाणे जवळजवळ एकच असते. या वाङ्मयाची परीक्षा करण्याचे मात्र टीकाकारांच्या सहसा मनात येत नाही. पाळणा बायकांचा, बाळक्रीडा भक्तांची, बालगीत शाळेचे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. आणि जे बायकांचे किंवा भक्तीचे असेल त्याचे गुणदोष पाहू नयेत असा एक सोयीचा संकेत पाळीत आलो आहोत. आम्हांस हा संकेत आदराचा वाटत नाही, उपेक्षेचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या ओठांवर राहिलेल्या वाङ्मयातही चांगले व सामान्य असतेच. ते कोणत्या मापाने ठरवावे, एवढाच प्रश्न आहे.

ते माप आम्हांस भागवताच्या दशम स्कंधात सापडले. सातव्या अध्यायातील शकटभंजनाची कथा आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पण ती कथा म्हणून नव्हे तर एका घरातील प्रसंग म्हणून एकदा वाचून पाहावी. बाळ कुशीवर वळू लागले आहे. त्या निमित्ताने, जन्मनक्षत्राच्या दिवशी, यशोदेने औत्थानिक नावाचा उत्सव मांडला आहे. वाद्ये वाजत आहेत, ब्राह्मण मंत्र म्हणत आहेत, गोकुळातील बायका जमल्या आहेत. बाळाला स्नान घातले, दाने दिली. त्याचे डोळे मिटू लागले तशी आईने त्याला हळूच एका गाड्याखाली सावलीत निजविले आणि ती पाहुण्यांच्या मानपानात गुंतली. थोड्या वेळाने बाळ जागे झाले. त्याला भूक लागली होती. ते रडू लागले आणि ते रडणे आईला ऐकू गेले नाही. रडता रडता त्याने पाय झाडले. कोवळ्या पालवीसारखे ते पाय गाड्याला लागले, आणि दूधदह्याच्या भांड्यांसह गाडा उलथून पडला.

म्हणजे बाळाचाच उत्सव, बाळाच्याच एका नव्या हालचालीचे कौतुक, आणि त्या कौतुकात बाळाचे रडणे तेवढे कोणाच्या कानी पडत नाही. आमच्या मते बालजीवनावर लिहिलेल्या कोणत्याही ओळीची कसोटी येथे आहे. लिहिणाऱ्याचे लक्ष पाहुण्यांकडे आहे की गाड्याखाली?

या अध्यायात गाड्यात दडलेल्या असुराचा उल्लेख नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. शकटासुर आपल्या मनात पक्का बसला आहे तो अन्य परंपरांमुळे. येथे आहे ती केवळ भूक, आणि भुकेने झाडलेले पाय. पुढे तर पुराणकाराने कमालच केली आहे. जवळ खेळणारी मुले सांगतात की, याने रडताना लाथ मारली म्हणून गाडा पडला. आणि वडील माणसे ते मुलांचे बोलणे म्हणून सोडून देतात. यशोदा रडणाऱ्या मुलाला उचलते, पण तिला शंका येते ती ग्रहपीडेची. आधी ब्राह्मणांकडून स्वस्त्ययन होते आणि मग बाळाच्या तोंडी दूध येते. श्रद्धेचा येथे उपहास आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु ज्याने हे लिहिले त्याने मुले असलेले घर जवळून पाहिले होते, एवढे निश्चित.

हे माप आम्ही दुसऱ्यांना लावू लागण्यापूर्वी आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका देवळाच्या अग्रशाळेत एका मुलीचे उष्टावण होते. कुटुंब बेळगावचे, कुलदेवतेच्या पायांशी पहिला घास द्यावा म्हणून सारा गोतावळा घेऊन आलेले. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करतात त्याप्रमाणे मुलीला सातवा महिना होता. प्रसादानंतर 'बाळलीला' या विषयावर चार शब्द बोलावे अशी आम्हांस विनंती होती, आणि घास देण्याच्या आधीच आम्हांस उभे करण्यात आले. आम्ही रंगात येऊन यशोदेच्या वात्सल्यावर बोलत होतो. ध्वनिक्षेपक चांगला होता. मुलगी रडत होती. तिचे छायाचित्र नीट येईना म्हणून छायाचित्रकार तिच्यापुढे खुळखुळा हालवीत होता आणि ती अधिकच रडत होती. तेव्हा मुलीच्या आजीची थोरली बहीण, जिला सगळे माई म्हणत, ती उठली. आमच्याकडे पाहून ती म्हणाली, "अहो, तुमचं चालू द्या. ही भुकेली आहे." आणि मुलीला खांद्यावर घेऊन ती मागल्या दाराकडे गेली. आमचे भाषण आम्ही पुरे केले. ते शकटभंजनावरच होते.

असो. दशम स्कंधाकडे परत येऊ. सातव्या अध्यायात एवढा थाट. आणि आठव्यात नामकरण आहे ते मात्र गोठ्यात. कंसाच्या कानी जाऊ नये म्हणून नंद गर्गाचार्यांना विनवितो की, माझ्या माणसांनाही कळू न देता येथे गाईंच्या वाड्यात केवळ स्वस्तिवाचन करून या मुलांची नावे ठेवा. ना वाद्य, ना पाहुणा. ज्या नावाने आज असंख्य देवळे दुमदुमतात ते नाव शेणामातीच्या वासात, हलक्या आवाजात ठेवले गेले. ही दोन दृश्ये एकापाठोपाठ आल्यामुळे जो अर्थ उमटतो तो कोणी मुद्दाम समजावून दिलेला नाही. तो वाचकाने आपणच घ्यावयाचा आहे.

नामकरणानंतर रांगणे येते, आणि येथे निरीक्षणाची सूक्ष्मता पाहून आम्ही थक्क होतो. दोघे भाऊ हातांवर व गुडघ्यांवर सरपटत निघतात. आपल्याच घुंगरांच्या नादाने हरखतात. वाटेने जाणाऱ्या कोणाच्या तरी मागे जातात, आणि हे माणूस आपले नव्हे असे ध्यानात येताच भ्याल्यासारखे होऊन आईकडे परततात. ओळखीचे व अनोळखी यांतील भेद मुलाला आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास कळू लागतो आणि परका चेहरा पाहून ते आईला बिलगते, हे आज बालमानसशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. पुराणकाराने ते घरात पाहून लिहिले. त्यानंतर चिखलाने माखलेल्या मुलांना आया कुशीत घेतात, अंगावर पाजतात आणि दूध पिता पिता हसणाऱ्या तोंडातले इवलेसे, मोजके दात पाहून आनंदतात. मग वासरांची शेपटे धरून फरफटत जाणे येते. आणि त्यानंतर शिंगांची जनावरे, विस्तव, पाणी, काटे यांपासून मुलांना आवरावे की घरकाम करावे हे न कळून दोन्ही आयांचा जीव टांगणीला लागतो. गोकुळातील बायका गाऱ्हाणे घेऊन येतात त्यात लोण्याची चोरी आहेच, पण सारवलेल्या घरात मूल घाण करते हेही आहे. पुराणाला त्याची लाज वाटली नाही. आपल्या बालकवितेला मात्र ती फार वाटते.

नवव्या अध्यायाचा आरंभ तर मराठी टीकाकाराने कोरून ठेवावा असा आहे. दासी दुसऱ्या कामांत आहेत म्हणून यशोदा स्वतः दही घुसळीत आहे. आणि घुसळताना आपल्या मुलाच्या लीला आठवून आठवून त्यांची गाणी गात आहे. हात कामात, मन मुलात आणि ओठांवर गाणे. जात्यावरच्या ओवीचे हे अगदी जुने चित्र म्हणावे लागेल. यशोदा गाते ते देवाचे स्तोत्र नव्हे; काल मुलाने काय केले, परवा काय केले, हे ती गाते. मग मूल येऊन रवी धरते, ती त्याला पाजू लागते, तोच चुलीवरचे दूध उतू जाते आणि अर्धपोटी मुलाला खाली ठेवून ती धावते. मुलाचा राग, फुटलेले मडके, हातातली काठी, दोन बोटे कमी पडणारी दावी, हे सारे त्या एका उतू जाणाऱ्या दुधातून निघते. वात्सल्य आणि घरकाम यांची ही ओढाताण ज्या वाङ्मयात नाही, ते वाङ्मय आईने रचलेले नसून पाहुण्याने रचलेले आहे असे खुशाल समजावे.

आणखी एकच ठिकाण सांगून पुढे जातो. अकराव्या अध्यायात हे मूल चालू-बोलू लागले आहे. बायका टाळ्या वाजवितात आणि ते नाचते. पाट आण, माप आण, पादुका आण, असे कोणी सांगितले की ते उचलून आणते. फळे विकणारी आली की ओंजळभर धान्य घेऊन धावते, आणि वाटेत ते बोटांतून सांडत जाते. दीड-दोन वर्षांचे मूल ज्या घरात आहे त्या घरातील कोणासही यातील एकही गोष्ट परकी वाटणार नाही. ज्याच्या आज्ञेत विश्व आहे त्याने पाट उचलून आणावा, यात भक्ताला जे दिसावयाचे ते दिसो. घराला त्यात आपले मूल दिसते. हे दोन्ही अर्थ एकमेकांच्या आड येत नाहीत, हीच या अध्यायांची थोरवी होय.

हा वारसा मराठीत फार लवकर आला, आणि त्यात गोमंतकाचा वाटा आहे याचा आपणांस अभिमान असावा. केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली दशम स्कंधाच्या आधारे मराठीत 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचिली. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांनी बाळक्रीडेचे अभंग केले. १७०२ साली पंढरपुरात श्रीधराने 'हरिविजय' पुरा केला आणि तो घरोघर वाचला गेला. या परंपरेने बाळकृष्णाला मराठी केले, त्याला आपल्या अंगणात आणले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण पुढच्या सामान्य रचनाकारांच्या हाती हळूहळू एक गोष्ट निसटली. मूल मागे पडत गेले आणि त्याचे अलंकार पुढे येत गेले. रत्नजडित पाळणा, रेशमी दोर, हिऱ्यांचे आंगडे, मोत्यांची झालर, हे सारे सजले. आणि पाळण्यात काय हालचाल होत आहे याकडे कोणी वाकून पाहिले नाही.

देवळाबाहेरच्या दुकानांत मिळणाऱ्या पाळण्यांच्या पुस्तिका चाळल्या की हे ध्यानात येते. बहुतेक पाळणे दिवसांच्या गणतीवर उभे असतात: पहिल्या दिवशी हे झाले, दुसऱ्या दिवशी ते झाले, असे करीत बाराव्या दिवशी नाव ठेवले. राम असो, कृष्ण असो, शिवराय असो, साचा एकच. नाव बदलले की पाळणा बदलला. आमचे माप लावले तर या रचना गाड्याच्या वरच्या बाजूच्या आहेत असाच निर्णय द्यावा लागेल.

तथापि निर्णय देण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. पाळणा दिवसच का मोजतो? बारा दिवसांत तर मूल काहीच करीत नाही. ते वळत नाही, हसत नाही, रांगत नाही. याचे उत्तर आनंदात नसून भयात आहे. भारतात १९५१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे १४६ मुले वर्षाच्या आतच जात; त्याआधीच्या काळात तर त्याहून अधिक. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला होता. ज्या घराने ओळीने दोन-तीन पाळणे रिकामे होताना पाहिले त्या घराला एकेक दिवस म्हणजे एकेक गड जिंकल्यासारखा होता. पाचवीला सटवाईची पूजा, आमच्या गोमंतकात सटीच्या रात्रीचे जागरण, बाराव्या दिवसापर्यंत नाव न ठेवणे, कपाळाच्या कडेला काजळाची तीट, या सगळ्यांच्या मुळाशी तीच धास्ती आहे. तेव्हा पाळण्यातील दिवसांची गणती ही मुळात रिकामी नव्हती; ती श्वास रोखून केलेली मोजणी होती. भय ओसरले आणि गणती तेवढी उरली. आज ती गाताना कोणाचाही श्वास रोखलेला नसतो, म्हणून ती निर्जीव वाटते. हे भय गेले याबद्दल देवाचे आणि सुईणीपासून लसीपर्यंत सर्वांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु भय गेल्यावर जी नजर निवांतपणे मुलाकडे वळावयास हवी होती, ती वळली का?

ती नजर पाळण्याच्या पुस्तिकेत सापडत नाही. ती ओवीत सापडते. दळताना पहाटे, कोणी ऐकत नाही अशा समजुतीने म्हटलेल्या ओवीत तान्ह्याचे दात आहेत, धुळीने भरलेले गुडघे आहेत, उंबरठ्याशी अडखळणारे पाऊल आहे, मामाने आणलेले झबले आहे, आणि ते धुऊन वाळत घातले असता शेजारणीने पाहिले, ही धाकधूकही आहे. ओवीला पाहुणे नाहीत, म्हणून तिला मिरविण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' या नावाने त्यांचा संग्रह केला. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या मालेतून खंडांमागून खंड काढले. त्यानंतर हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून सहकाऱ्यांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. हे काम प्रचंड आहे. पण ते बहुतांशी महाराष्ट्रातले आहे. गोमंतकात, बेळगावात, इंदूर-ग्वाल्हेरीच्या वाड्यांत, हैदराबादेत स्थायिक झालेल्या घरांतून जी मराठी ओवी गेली, तिने वाटेत काय टाकले, काय उचलले, शेजारच्या भाषांचा कोणता शब्द पदराला बांधून घेतला, हे पाहावयाचे तर त्या घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत जावे लागेल.

ओवीचा आणखी एक मोठेपणा आहे, आणि तो आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. ओवीत लेक आहे. पाळणा मुख्यतः मुलग्याचा. पुस्तिकांत मुलीचा पाळणा असलाच तर शेवटच्या पानांवर एखादा असतो, तोही पुष्कळदा मुलाच्याच पाळण्याचे लिंग बदलून केलेला. याचे मूळ शोधीत गेलो तर पुन्हा दशम स्कंधाशीच येतो. त्या रात्री गोकुळात यशोदेच्या कुशीत जी जन्मली ती मुलगी होती. वसुदेवाने तिला उचलले आणि मथुरेला नेले. कंसाने तिला शिळेवर आपटण्यासाठी उचलले. ती त्याच्या हातून निसटून आकाशात गेली आणि देवी झाली. अनेक नावांनी अनेक स्थानी तिची पूजा होते, आणि आपल्या गोमंतकास तर देवीच्या देवळांचे वैभव नवे नाही. पण अष्टमीच्या मध्यरात्री आपण पाळणा हालवितो तो एकच. त्याच रात्री जन्मलेल्या तिला पाळणा नाही, रांगणे नाही, दात नाहीत, पहिला घास नाही. बालपण न मिळताच तिला थेट देवपण मिळाले. लेकीला देवी म्हणणारा समाज तिचे बालपण गाण्यास का विसरतो, याचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. पण ओवी म्हणणारी बाई ते विसरली नाही, एवढे मात्र दाखवून देऊ शकतो. तिला आपले माहेर आठवत होते; ती स्वतः कोणाची तरी लेक होती.

आता छापील वाङ्मयाकडे वळू. कवी दत्त यांच्या अंगाईगीतात दरिद्री घरातील आई बाळाला निजविते. तेथे रत्नांचा पाळणा नाही, घराची पडझड आहे. आणि ती पडझड आईने बाळापासून लपविलेली नाही, उलट तिलाच मायेचा सूर लाविला आहे. आमच्या मापाला हे गीत पूर्णपणे उतरते. दत्त १८९९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा, पुढे वि. द. घाटे या नावाने प्रसिद्ध झालेला लेखक, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. ही गोष्ट कळल्यानंतर ते गीत पूर्वीसारखे वाचता येत नाही.

'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्या पुस्तकाविषयी उणे बोलण्याचे धाडस मराठीत सहसा कोणी करीत नाही आणि आम्हीही करणार नाही. उणे आहे ते आपल्या वाचनात. न्हाऊन आलेला श्याम ओले तळवे मळू नयेत म्हणून हट्ट धरतो. आई आपले लुगडे त्याच्या पायांखाली पसरते, आणि पायांस घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. शाळांतून हा प्रसंग शिकविला जातो तेव्हा शेवटचे वाक्य फळ्यावर येते. ओले तळवे, तो हट्ट, आणि कामाच्या रगाड्यात मुलाचा हट्ट पुरविण्यास थांबलेली आई, यांना गुण मिळत नाहीत. वास्तविक आईचे ते वाक्य श्यामच्या मनात उतरले ते आधी लुगडे पसरले म्हणून. उपदेश ध्यानात ठेवून तळवे विसरणे म्हणजे स्वस्त्ययन करून दूध पाजण्याचे विसरणे होय.

बडोद्यास राहून चिं. वि. जोशांनी चिमणरावांचे जे घर उभे केले, ते या संदर्भात आम्हांस फार मोलाचे वाटते. विनोदी लेखनाला वात्सल्याच्या चर्चेत स्थान देण्याची आपली रीत नाही. परंतु आई, बायको, मुले आणि गुंड्याभाऊ यांच्या गराड्यात चिमणरावांचा कोणताही बेत ठरल्याप्रमाणे तडीस जात नाही, आणि बेत फसताना घर जसे आहे तसे दिसते. गंभीर लेखक घराला शिस्त लावून मग चित्र काढतो. विनोदी लेखक गाडा उलथेपर्यंत थांबतो.

आणि आजचे काय? आज बालसंगोपनाचे वाङ्मय मुख्यतः दोन प्रकारांत मिळते, कोष्टक आणि छायाचित्र. कोष्टक सांगते की अमुक महिन्यात मूल बसावे, अमुक महिन्यात चालावे. कोष्टकाचा आम्हांस राग नाही; ते वेळीच धोका दाखविते आणि त्याने मुलांचे भले झाले आहे. पण ते नीट वाचले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये, भारतासह पाच देशांतील मुले पाहून जे प्रसिद्ध केले त्यानुसार निरोगी मूल आधारावाचून चालू लागण्याचा काळ सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. आणि शंभरातील चारांहून थोडी अधिक मुले हातगुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, एकदम उभी राहिली. इतके औदार्य शास्त्र दाखविते, आणि आपण मात्र शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या सुनेला बोल लावतो. हाही पाहुण्यांकडे लक्ष असण्याचाच प्रकार आहे.

छायाचित्राविषयी तर काय सांगावे! प्रत्येक घरी आज मुलाची सहस्रावधी छायाचित्रे असतात. बोरन्हाणाला बोरे-चुरमुरे डोक्यावरून ओतताना मूल भेदरते. ते क्षणभर थांबून, पुन्हा हसवून, पुन्हा ओतले जाते, कारण पहिल्या वेळी चित्र हालले. छायाचित्र सर्व काही ठेवते. पण त्या क्षणी आईने काय पाहिले, हे ते ठेवीत नाही. ओवी तेवढेच ठेवीत असे.

त्या दिवशी अग्रशाळेच्या मागल्या दारी आम्ही भाषण संपवून गेलो तेव्हा मुलगी माईच्या खांद्यावर निजली होती. तिला तिच्या आईने पाजले होते, आणि मग माईने गाऊन निजविले होते. आत बायका पुस्तिकेतून कृष्णाचा पाळणा म्हणत होत्या. माई अजून गुणगुणत होती. दोन-तीन ओव्या आम्ही उभे राहून ऐकल्या. त्यांचा आशय एवढाच होता की, सगळे जेवले, सगळ्यांचा मान झाला, आणि जिच्यासाठी भात शिजला तीच तेवढी उपाशी राहिली. तिने मुलीचे नाव ओवीत गुंफले होते, देवीचेही गुंफले होते. नेमके शब्द आम्हांस आज आठवत नाहीत. आम्ही म्हटले, "माई, हे लिहून घ्यायला हवं." ती हसली. "जातं गेलं, ओव्या गेल्या. आठवेल तशी म्हणते. ते काय लिहून घ्यायचं असतं?" दिवाळीत वही घेऊन येतो असे आम्ही सांगितले. दिवाळीत आमचे दुसरे एक व्याख्यान ठरले होते. पुढच्या पावसाळ्यात माई गेली. घरी विचारले, तेव्हा उष्टावणाची चारशे छायाचित्रे मिळाली. त्यांतल्या एकातही माई नव्हती. ती मागल्या दारी होती.

भागवतावर बोलणाऱ्याने भागवतातील चूक जशीच्या तशी पुन्हा करावी, हे आम्ही लपवीत नाही. म्हणून आमच्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. कुलदेवतेच्या देवळात नातवाचे जावळ किंवा नातीचे उष्टावण ठरेल तेव्हा पाहुण्यांची यादी करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ वही घेऊन बसावे, आणि ती म्हणेल ते, तिच्याच उच्चाराप्रमाणे, मराठी असो वा कोंकणी, लिहून घ्यावे. ती म्हणेल, त्यात काय लिहायचे आहे? तरी लिहावे. नातीचे उष्टावण असेल तर त्या दिवशी म्हणावयाचे गाणे तिच्याकडूनच मागून घ्यावे. आणि व्याख्यानाला कोणास बोलावलेच असेल, तर मुलीला घास दिल्यानंतर त्याला उभे करावे.